शेणखत की युरिया ते नंतर बघू, आधी चिखलणीचं बोला

‘विषमुक्त’, ‘गावठी’, ‘सेंद्रिय’ असं छापलेली तांदळाची पिशवी शहरात चांगल्या भावाने जाते. पिशवीवर लिहिलेलं खरं असेलही. पण त्या खाचरात किती वेळा नांगर फिरला, गढूळ पाण्याबरोबर किती माती ओढ्याला गेली आणि किती बायका किती दिवस वाकून आवण (भाताची रोपं) लावत होत्या, हे कुठल्याच पिशवीवर छापत नाहीत. शेतीच्या कुठल्या पद्धती टिकाऊ यावर फेसबुकवर जी भांडणं चालतात ती नव्वद टक्के खताच्या गोणीभोवती फिरतात. कोकणातल्या भाताबद्दल माझं मत असं की गोणीचा नंबर चौथा. राब (रोपवाटिकेची जागा भाजणं), चिखलणी (साचल्या पाण्यात नांगरून चिखल करणं) आणि लावणी (रोपं उपटून खाचरात लावणं) हे पहिले तीन. भातशेती टिकणार की प्लॉट पडणार, हे या तिघांवर ठरतंय.

आधी राब. एक हेक्टर लावायचं तर साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. त्या जागेवर शेण, वर ऐन-किंजळीच्या झाडांची तोडलेली टहाळं, त्यावर गवत-पातेरा, वरून बारीक मातीचा थर, आणि मग विस्तव. रत्नागिरीकडे यालाच दाढ भाजणं म्हणतात. ही अंधश्रद्धा नाही, यामागे पक्कं कारण आहे. वरच्या थरातलं तणाचं बी जळतं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं, रोपं जोमदार येतात. पण हिशेब मांडला तर शेणातलं आणि पाल्यातलं जवळजवळ सगळं नत्र (नायट्रोजन) धुरात जातं. मागे राहतं ते पालाश, स्फुरद (फॉस्फरस) आणि चुना. जे शेण खाचरात जायला हवं ते आपण जाळतो आणि मग शेणखत कमी पडतं म्हणून रडतो. दरवर्षी तोड झाल्याने माळावरच्या ऐनाची झाडं खांबासारखी उभी दिसतात ते वेगळंच. म्हणजे ज्या पारंपरिक पद्धतीत रसायनाचा थेंब नाही, तीही निसर्गाला फुकट पडत नाही.

राबाला पर्याय जुनाच आहे. गादीवाफा करायचा आणि चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. राख काळी हवी, पांढरी होईपर्यंत जाळलेली नको. त्यातला सिलिका रोपाला ताठ ठेवतो आणि रोप कीड-करप्याला थोडं कमी बळी पडतं. गिरणीवर तूस मिळतं. अडचण एकच, वाफ्यात तण येतं आणि ते हाताने काढावं लागतं. राब भाजणारा माणूस आळशी नसतो, त्याने खुरपणीचे दिवस लाकडात आणि शेणात मोजून दिलेले असतात.

आता चिखलणी. ती का करतात हे न सांगता तिला नावं ठेवणारे लोक मला पटत नाहीत. चिखल केल्याने मातीची भोकं बुजतात, पाणी खाली झिरपत नाही, उगवलेलं तण गाडलं जातं आणि आवण बोटाने सहज रोवता येतं. काम तिन्ही बाजूंनी चोख होतं. किंमत मात्र मातीच्या घडणीची. मातीचे कण एकमेकांना धरून जी रवाळ ढेकळं बनतात, ती पाण्यात घुसळली की फुटतात. दरवर्षी त्याच खोलीवर पॉवर टिलर फिरला की पंधरा-वीस सेंटिमीटरखाली घट्ट तवा तयार होतो. दिवाळीनंतर हेच खाचर भेगाळतं, आणि त्यात टाकलेल्या वालाचं मूळ तव्यावर आपटून आडवं जातं. वाल डिसेंबरातच पिवळा पडला की लोक म्हणतात ओल कमी पडली. ओल खाली असते, मूळ तिथवर पोचत नाही.

खात्री करायची असेल तर एक सोपी परीक्षा आहे. चिखलणीच्या शेतातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ आणि बांधावरच्या, नांगर न लागलेल्या जागेतलं तेवढंच ढेकूळ घ्या. दोन काचेच्या ग्लासांत पाणी भरा, ढेकळं चहाच्या गाळणीत ठेवून हळूच बुडवा. शेतातलं ढेकूळ थोड्याच वेळात पीठ होऊन तळाला बसतं. बांधावरचं बराच वेळ आकार धरून असतं आणि पाणी स्वच्छ राहतं. पहिलं ढेकूळ जसं विरघळलं, तशीच शेतातली माती जुलैत खाचरातून खाचरात उतरत ओढ्याला जाते.

साचलेल्या पाण्याचं दुसरं प्रकरण म्हणजे मिथेन. पाण्याखाली प्राणवायू संपला की मातीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना मिथेन सोडतात, आणि तो बराचसा भाताच्या पोकळ काडीतूनच वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. यावर जगभर सांगितला जाणारा उपाय म्हणजे शेत आलटून पालटून ओलं-सुकं ठेवणं: भोकं पाडलेली नळी जमिनीत पुरायची, पाणी पृष्ठभागाखाली पंधरा सेंटिमीटर गेलं की मगच पुढचं पाणी द्यायचं, फुलोऱ्यात मात्र शेत सुकू द्यायचं नाही. पाटाच्या किंवा बोअरच्या पाण्यावरच्या भाताला हे छान लागू पडतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कर्जत-माणगावच्या खाचरात जुलै महिन्यात ‘पाणी तोडा’ म्हणणाऱ्याला मी फक्त छत्री देईन. आणि साचलेलं पाणी निव्वळ वाईट नाही. त्यातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र बांधतं, स्फुरद मोकळं होतं, तण दबतं. आपले आजे खत न घालता एकरी आठ-दहा क्विंटल काढत होते त्यात या शेवाळाचा वाटा मोठा होता.

लावणीबद्दल गाणी पुष्कळ आहेत. आकडा असा की आवण उपटून मुठी बांधण्यापासून लावण्यापर्यंत हेक्टरी तीस-चाळीस मजूर-दिवस जातात, आणि ते मुख्यत्वे बायकांचे. सात-आठ तास कमरेत वाकून, घोट्यापर्यंत चिखलात, पायाला कुठे ना कुठे चिरा. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या याच पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो; सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तो काही नवा नाही. कोणी पद्धत ‘निसर्गस्नेही’ म्हणून विकत असेल तर त्याला पहिला प्रश्न हा विचारावा की वाकणार कोण? घरातल्या बाईची मजुरी हिशेबाच्या वहीत शून्य धरली की कुठलीही पद्धत परवडते. आता शून्य धरता येत नाही. मुली शिकून पनवेलला, ठाण्याला नोकरी करतात, लावणीच्या त्या पंधरा दिवसांत सगळ्या गावाला एकदम मजूर हवा असतो, आणि तो मिळत नाही. दोन वर्षं खाचर पडीक राहिलं की बांध फुटतात, तिसऱ्या वर्षी जमिनीचा एजंट विचारायला येतो.

मग पर्यायांत काय दम आहे?

मादागास्करहून आलेली, एसआरआय नावाची पद्धत. आठ ते बारा दिवसांचं एकेक रोप, २५ बाय २५ सेंटिमीटर, पाणी अधूनमधून, आणि कोनोवीडर (तण चिरडणारं हातयंत्र) ढकलून कोळपणी. कागदावर सुंदर. पण बारा दिवसांचं बोटभर रोप लावलं आणि रात्रीतून दोनशे मिलिमीटर कोसळला की सकाळी शेतात नुसतं पाणी दिसतं. पाण्यावर ताबा असेल तिथेच करा.

चारसूत्रीला मात्र मी मनापासून मानतो. डॉ. नारायण सावंतांनी बसवलेली ही पद्धत. पहिलं सूत्र भाताचे अवशेष शेतालाच परत, म्हणजे वर सांगितलेली काळी राख आणि थोडा पेंढा. दुसरं गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) हिरवा पाला, गुंठ्याला ३० किलो. चिखलणीआधी आठवडाभर फांद्या शेतात पसरायच्या, पानं गळली की काड्या उचलून चुलीला. यातून हेक्टरी दहा-पंधरा किलो नत्र मिळतं, आणि बांधावर लावलेलं गिरीपुष्प तोडलं की ऐन वाचतो. तिसरं नियंत्रित लावणी: सुतळीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा करून दोन-तीन रोपांचा एकेक चूड. चौथं, युरिया-डीएपीची दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, चार चुडांच्या चौकोनात मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल.

जीव आहे तो या चौथ्या सूत्रात. कोकणातल्या पावसात फेकून दिलेल्या युरियातला निम्म्याहून जास्त भाग वाहून किंवा उडून जातो. खोल दाबलेली गोळी चिखलात हळूहळू विरघळते आणि मुळं तिच्याकडे येतात. नत्राची साधारण चाळीस टक्के बचत होते, आणि ओढ्याला जाणारं खतही तितकंच कमी. मग सगळे का करत नाहीत? गोळ्या मोजा. गुंठ्याला ६२५, म्हणजे एकरी पंचवीस हजार. त्या लावणीच्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बोटाने दाबायच्या. दमट हवेत पिशवी उघडी राहिली की गोळ्यांचा लगदा होतो. दाबल्यावर शेतात पुन्हा फिरलं तर पायाने भोक मोकळं होतं आणि गोळी वर येते, मग फायदा शून्य. थोडक्यात खताचं वाया जाणं थांबलं, वाकणं आणखी वाढलं. सामाजिक अंगाने इथे मार्क कापावे लागतात, तरी दहा-वीस गुंठे घरच्या घरी करणाऱ्याला याच्याइतकं खात्रीचं दुसरं नाही.

राहता राहिलं सगुणा राईस तंत्र, एसआरटी. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं. यात राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. एकदाच नांगरट करून गादीवाफे पाडायचे: सरीच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३६ सेंटिमीटर, वर शंभर सेंटिमीटर सपाट माथा. पहिल्या पावसाने वाफा भिजला की २५ बाय २५ वर भोकं पाडणारा लोखंडी साचा दाबत जायचं, भोकात तीन-चार दाणे आणि थोडं खत टाकून मातीने झाकायचं. पुढच्या वर्षी तेच वाफे. कापणीनंतर बुडखे उपटायचे नाहीत. मुळं जागच्या जागी कुजतात, त्यांच्या नळ्या होतात, त्यातून पाणी आणि हवा खाली जाते, गांडुळं येतात. त्याच वाफ्यावर वाल, मूग. दोन-तीन हंगामांनंतर वर सांगितलेली ग्लासातली परीक्षा घ्या, फरक डोळ्यांना दिसतो.

चुका कुठे होतात तेही सांगतो. वाफे पाडताना उताराला उभे काढले की पहिल्याच पावसात सरीची घळ होते. भोकात दाणा एक इंचापेक्षा खोल गेला की उगवण विरळ. पेरणी लांबून जूनच्या मोठ्या पावसात सापडली तर भोकं गाळाने भरतात, मग नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरण्यात आठवडा जातो, म्हणून एका कोपऱ्यात थोडी रोपं वेगळी टाकून ठेवावीच. कर्जत-३ सारखं हळवं (लवकर पिकणारं) वाण घेऊन त्याला उशिरा पेरलं तर फुटवे धरायच्या आत पोटरी येते, म्हणजे लोंबी पोटात धरते. बांधाकडेच्या दोन वाफ्यांत खेकडे कोवळे कोंब कापतात. आणि गुडघाभर पाणी तुंबणाऱ्या खोलगट खलाटीत ही पद्धत करूच नये, वाफ्याचा माथाच पाण्याखाली जातो. पेण-अलिबागच्या खारपाटात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) तर गणितच वेगळं, तिथे मोड आलेलं बी फेकायची रहू पद्धत आणि पनवेलची खार सोसणारी वाणं हेच शहाणपण.

आता ज्या गाठीवर सगळे गप्प बसतात ती. मातीसाठी सर्वात भली असलेली ही पद्धत तणनाशकाच्या कुबडीवर उभी आहे. पेरणीनंतर, उगवण्याआधी ऑक्सिफ्लोरफेन; कापणीनंतर बुडखे मारायला ग्लायफोसेट. सेंद्रियवाले म्हणतात, हे विष आहे. एसआरटीवाले म्हणतात, तुम्ही तणासाठी नांगरता आणि मातीतला कार्बन जाळता. दोघंही खरं बोलतायत आणि त्यातच पंचाईत आहे. तण मारायला खात्रीची हत्यारं तीनच आहेत: लोखंड, रसायन आणि बाईचा हात. चौथं कोणी आणलं तर मी त्याच्या पाया पडेन.

ग्लायफोसेटला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. आपल्याकडे त्याची शिफारस चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जागा एवढ्यापुरतीच, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने ते फक्त परवानाधारक फवारणीवाल्यांकडूनच मारायचं. गावात हा आदेश कोणी वाचलेला नसतो. कायदा आणि बांध यांच्यातलं हे अंतर दाखवल्याशिवाय विनानांगरणीचा प्रचार करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

ऑक्सिफ्लोरफेनबद्दल त्याहून कमी बोललं जातं. ते मातीच्या वरच्या थरावर पापुद्रा धरून काम करतं. जमीन ओली हवी, पण फवारल्यावर तासाभरात सर आली तर पापुद्रा धुऊन भोकात उतरतो आणि कोंब करपतो. शिवाय ते मासे आणि पाण्यातल्या जिवांना अतिशय घातक आहे. फवारणीची वेळ कधी? जूनच्या पहिल्या पावसाला. वलगणीचे मासे ओढ्यातून खाचरात अंडी घालायला कधी चढतात? त्याच आठवड्यात. ज्यांना वलगण माहीत आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. निदान ओढ्याला लागून असलेले दोन-तीन वाफे फवारणीतून वगळावेत आणि तेवढी खुरपणी सोसावी.

ग्लायफोसेट मात्र बऱ्याच ठिकाणी टाळता येतं, असं माझं म्हणणं. कापणी जमिनीलगत केली आणि मागे दुसरं पीक घ्यायचं नसेल तर भरडावरचे (उंच, पाणी न धरणाऱ्या जमिनीवरचे) बुडखे डिसेंबरच्या कोरड्यात आपोआप मरतात. ऊन हे फुकटचं तणनाशक आहे. ओल धरणाऱ्या जमिनीत फुटवे येतात, तिथे ब्रश कटरने एकदा छाटून लगेच वाल दाट टाकायचा. वाल पसरला की सावलीने तण दबतं. पेंढ्याचं आच्छादन सगळ्यात चांगलं, पण पेंढा गुरांच्या तोंडातून आणि तबेल्याच्या गिऱ्हाइकाकडून काढून मातीला देणं घरात कोणालाच पटत नाही. जिथे मागे वाल टाकायचाय तिथे निदान वीत-दीड वीत बुडखा ठेवून कापा. मारायचंच झालं तर स्वच्छ पाण्यात मारा. ओढ्याच्या गढूळ पाण्यात मातीचे कण ग्लायफोसेटला धरून ठेवतात आणि औषध पंपातच निकामी होतं, मग लोक मात्रा दुप्पट करतात. चार वर्षांत लव्हाळा आणि हरळी वाढली तर समजावं की सोपं तण मेलं आणि चिवट उरलं. लव्हाळ्याची गाठ जमिनीत असते, पापुद्र्याने तिला काही होत नाही.

आणि हो, गोणी. पूर्ण सेंद्रिय भाताला माझा विरोध नाही, बेरीज मात्र करावी. एकरी १६ क्विंटल भात जमिनीतून साधारण २५ ते ३० किलो नत्र उचलतं. सेंद्रियवाले घालतात त्या जीवामृताच्या दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ. यात नत्र मोजलं तर पावशेराच्या आसपास भरतं. ते खत नाही, विरजण आहे, हे त्याचे जाणकारही सांगतात. विरजणाला दूध लागतं. ते दूध म्हणजे शेणखत, गिरीपुष्प, वालाच्या मुळावरच्या गाठी. शेणखतात नत्र अर्धा टक्का, म्हणजे एकरी चार टन घातलं तर वीस किलो, तेही सगळं पहिल्या वर्षी मोकळं होत नाही. चरायला जाणाऱ्या गुराचं निम्मं शेण रानातच पडतं, त्यामुळे चार टनांना तीन-चार गुरं दावणीला हवीत. कोकणात आज दावणी रिकाम्या आहेत. ही बेरीज न करता एका फटक्यात रासायनिक खताची आयात बंद केली की काय होतं ते श्रीलंकेने २०२१ मध्ये दाखवलं. एप्रिलअखेर जाहीर केलेली खतबंदी नोव्हेंबरात मागे घ्यावी लागली. तरी बांधावर गिरीपुष्प, मागे वाल आणि उरलेल्या गरजेपुरती खोल दाबलेली गोळी, एवढ्यावर युरिया निम्म्यावर येतो. याला कोणतं प्रमाणपत्र मिळत नाही आणि पिशवीवर छापायला शब्दही नाही. विकणाऱ्यांना म्हणूनच हा मार्ग आवडत नसावा.

लावणी गेली तर लावणीची मजुरीही जाते, हा प्रश्न एसआरटीच्या सभांमध्ये कोणी विचारत नाही. कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधल्या बायकांना जुलैतले ते पंधरा-वीस दिवस म्हणजे रोख पैसा, आणि ऐन पावसाळ्यात दुसरं काम नसतं. भाताला लावणी नको पण मागे वालाची खुडणी, मुगाची तोडणी असेल तर मजुरी दिवाळीनंतरच्या महिन्यांत सरकते, म्हणजे नेमकी त्या काळात जेव्हा कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघालेली असतात. दुसरं पीक घेतलंच नाही तर फायदा फक्त मालकाचा. त्यामुळे कोणी ‘एसआरटी केलं’ म्हणालं की मी आधी विचारतो, मागे काय पेरलंस?

ज्यांना करून बघायचंय त्यांनी सगळं शेत एकदम वाफ्यांवर नेऊ नये. पाच गुंठे भरडाचा तुकडा घ्या, शेजारी पाच गुंठे नेहमीसारखं चिखलणीचं ठेवा, बी आणि खत सारखंच. वहीत तीन गोष्टी लिहा: खुरपणीचे दिवस (घरच्या बायकांचे धरून), डिझेल, आणि झोडणीनंतर वजन केलेलं भात. पहिल्या वर्षी तण जास्त येणार, ते धरून चाला. निकाल तिसऱ्या वर्षी बघा.

आणि ज्यांनी तणनाशकाचा थेंबही न वापरता सलग चार-पाच हंगाम विनानांगरणी भात काढलंय, त्यांनी लव्हाळ्याचं काय केलं ते कृपया खाली लिहा. फोटो असेल तर कापणीनंतरच्या वाफ्याचा टाका, हिरव्यागार जुलैतला नको.